मदत हवी आहे : ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात शाळेतील रसायनांची साठवण आणि डोळे धुण्याच्या पाण्याची सोय

नमस्कार,

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एका उच्च माध्यमिक शाळेत मी रसायनशास्त्र शिकवते. प्रयोगशाळेची आणि तिच्या भांडारखोलीची जबाबदारीही माझ्याकडे आहे. प्रयोग करताना घ्यायची खबरदारी मुलांच्या अंगवळणी पडली आहे. डोळ्यांना चष्मा हवा, केस बांधलेले हवेत, आम्ल पाण्यात घालायचे, पाणी आम्लात नाही, हे त्यांना आता सांगावे लागत नाही. माझी चिंता वेगळी आहे. मे महिन्यापासून जूनच्या मध्यापर्यंत शाळा बंद असते, त्या काळात येथील पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि आमची भांडारखोली वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीला लागून, पत्र्याखाली आहे.

सर्वांत मोठी भीती लिकर अमोनियाची, म्हणजे पाण्यात विरघळवलेल्या अमोनिया वायूच्या तीव्र द्रावणाची वाटते. त्याचे २५ टक्क्यांचे द्रावण ३८ अंशांच्या आसपासच उकळू लागते, म्हणजे बंद बाटलीत वायूचा दाब साठून राहतो आणि जूनमध्ये झाकण सैल करताच द्रावण उसळून थेट तोंडावर येऊ शकते. आमचे लॅब अटेंडंट भैयाजी बाटली आधी बर्फाच्या पाण्यात चांगली गार करतात, मग तिच्याभोवती ओले फडके गुंडाळून, चेहरा बाजूला ठेवून झाकण हळूहळू फिरवतात. पद्धत योग्यच आहे, परंतु सारी भिस्त एका माणसाच्या सावधपणावर असावी हे मला पटत नाही. क्षारांच्या विश्लेषणात बहुतेक ठिकाणी विरल अमोनियाच लागतो. तेव्हा सुट्टीपूर्वी एखाद्या सकाळी उरलेला साठा फ्यूमहुडमध्ये (वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात) विरल करून ठेवावा, असे मनात आहे. कोणी असे करते का, आणि ते द्रावण जूनमध्ये कामापुरते राहते का?

दुसरा प्रश्न कार्बन डायसल्फाइडचा. ब्रोमाइड आणि आयोडाइड ओळखण्याच्या चाचणीत रंगीत थर दाखवण्यासाठी आमच्याकडे ते अजून वापरले जाते. त्याचा उत्कलनांक ४६ अंश आहे, आणि त्याची वाफ पेटायला ज्योतच हवी असे नाही, १०० अंशांच्या आसपास तापलेला पृष्ठभागही पुरतो. हे रसायन शाळेत असूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी क्लोरोफॉर्म वापरल्यास बाहेरून येणारे परीक्षक हरकत घेतात का? शिवाय ईथरची एक जुनी बाटली आहे, जिच्यावर खरेदीची तारीख नाही. जुन्या ईथरमध्ये स्फोटक पेरॉक्साइडे तयार झालेली असू शकतात, म्हणून तिला कोणी हात लावू नये अशी चिठ्ठी मी कपाटावर लावली आहे. अशा बाटलीची विल्हेवाट मध्य प्रदेशातील शाळांनी कोणामार्फत लावली, हे कळल्यास फार उपकार होतील.

आम्लांची व्यवस्था बरीचशी मार्गी लागली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानुसार वापराची नोंदवही आम्ही ठेवतो. हायड्रोक्लोरिक आम्ल पूर्वी अमोनियाच्याच कपाटात होते आणि काचांवर अमोनियम क्लोराइडची पांढरी साय धरत असे. आता ते तळमजल्यावर, नायट्रिक आम्लही स्पिरिटपासून दूर, खालच्या फळीवर आहे.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहीत आहे ते. डोळ्यांत रसायन उडाले तर ते ताबडतोब, निदान १५ मिनिटे, वाहत्या पाण्याने धुवायचे असते. आमच्या नळाला गच्चीवरील काळ्या टाकीचे पाणी येते, आणि एप्रिलच्या अखेरीस दुपारी त्याखाली हातसुद्धा धरवत नाही, मग डोळा कसा धरणार? पाणी १६ ते ३८ अंशांदरम्यान असावे, असा संकेत आहे. मिनिटाला दीड लिटर धरले तरी साडेबावीस लिटर पाणी लागेल. म्हणून प्रयोगशाळेच्या आतच, सावलीतल्या भिंतीवर, पन्नास लिटरची वेगळी टाकी बसवून तिचे पाणी दर आठवड्याला बदलावे, असा विचार आहे. स्थानिक प्लंबरकडून अशी सोय कोणी करून घेतली असेल, तर दोन्ही डोळ्यांवर एकाच वेळी पडणारी मंद धार कशी साधली, टाकी किती उंचीवर बसवली आणि साधारण किती खर्च आला, हे कृपया सविस्तर कळवावे. सुट्टीपूर्वीच काम व्हावे, यासाठी मला या महिन्यातच व्यवस्थापनाकडे प्रस्ताव द्यायचा आहे.