प्रतिसाद: डिस्पर्संट म्हणजे साफसफाई नव्हे

समुद्रात सांडलेल्या तेलावर डिस्पर्संट (तवंग फोडणारं रसायन) फवारलं की तेल नाहीसं होतं, मग बूम (तेल अडवणारे तरंगते अडसर) आणि स्किमर (पाण्यावरचं तेल गोळा करणारी यंत्रं) यांचा खटाटोप कशाला, असा प्रश्न विचारला जातो. नाहीसं कुठलं, नजरेआड होतं एवढंच. तवंग फुटून बारीक थेंब पाण्यात मिसळतात. जिवाणूंना ते पचवायला सोपे जातात हे खरं, पण माशांची अंडीही त्याच पाण्यात असतात. खोल समुद्रात ठीक, उथळ खाडीत नकोच. शिवाय तेल ताजं असतानाच हे जमतं. हलका भाग उडून गेला आणि उरलेल्यात लाटांनी पाणी घुसळलं, की तपकिरी, चिकट लगदा होतो. त्यावर फवारणी म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

किनाऱ्यावर तर अतिउत्साह नडतो. १९८९ मध्ये अलास्कात एक्झॉन व्हाल्डीझ जहाजातून तेल सांडल्यावर खडक गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतले. तेल निघालं, पण तेलातून वाचलेले शिंपले आणि शेवाळ त्या पाण्याने मेले!

जमिनीवर सांडलं असेल तर पाणी मारूच नका, तेल पसरतं आणि खाली मुरतं. आधी मातीचा बांध घाला, साचलेलं उपसा. थोडं तेल मुरलेल्या मातीत नत्र-स्फुरद मिसळून ती ओलसर ठेवायची, अधूनमधून उलथायची; हवा मिळाली की जिवाणू कामाला लागतात. महिने जातात, आणि डांबरासारखा जड भाग बराचसा तरीही मागे उरतो.