बुरांशाच्या औषधी गुणांचा पुरावा कितपत भक्कम आहे?

मूळ मत
बुरांश हा उत्तराखंडचा राज्यवृक्ष. नेपाळमध्ये त्यालाच लालीगुराँस म्हणतात आणि ते तिथले राष्ट्रीय फूल आहे. त्याच्या पाकळ्यांचे सरबत पहाडी घरांत उन्हाळ्यात पितात. जुलाब, नाकाचा घोळणा, डोकेदुखी यांवरही फुले-पाने परंपरेने वापरली जातात. जानेवारी २०२२ मध्ये आयआयटी मंडी आणि दिल्लीतील आयसीजीईबी या जैवतंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पाकळ्यांच्या गरम पाण्यातील अर्काने कोरोना विषाणूची वाढ रोखल्याचे जाहीर केले, तेव्हा अनेकांनी त्याचा अर्थ ‘कोविडवर औषध सापडले’ असा लावला. प्रत्यक्षात तो प्रयोग आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडापासून तयार केलेल्या व्हेरो ई६ पेशींवर झाला होता, आणि पाकळ्यांतील रेणू विषाणूच्या प्रथिनाला कसे चिकटतील याचा अंदाज संगणकावर बांधलेला होता. आतड्यातून आणि यकृतातून गेल्यावर त्यातले किती रक्तात उरते, हे पेशींच्या ताटलीत कळत नाही. म्हणून याला मी उपचाराचा पुरावा मानत नाही.

प्रतिसाद १
असहमत. पिढ्यान्‌पिढ्यांचा वापर ही नोंदच आहे, फक्त ती प्रयोगवहीत नाही. मलेरियावरच्या आर्टेमिसिनिन या औषधाचा माग चिनी शास्त्रज्ञ थू यूयू यांना जुन्या चिनी ग्रंथातूनच लागला आणि त्यासाठी २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. बुरांशाच्या फुलांत क्वेर्सेटिन, हायपरिन यांसारखी औषधी मानली जाणारी संयुगे आढळली आहेत. तेव्हा परंपरेला निराधार म्हणणे अन्यायाचे आहे.

मूळ लेखकाचे उत्तर
निराधार मी म्हटलेलेच नाही. परंतु आपले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे: थू यूयू ग्रंथापाशी थांबल्या नाहीत, त्यांनी कमी तापमानाला अर्क काढला, तो प्राण्यांवर तपासला, मग माणसांवर. बुरांशाच्या कोरोनावरील अर्काबाबत माणसांवरचा हा टप्पा मला दिसलेला नाही. शिवाय क्वेर्सेटिन कांद्यातही असते; ते सापडले म्हणून कांदा औषध ठरत नाही.

प्रतिसाद २
दोघांनीही सुरक्षिततेचा मुद्दा सोडला, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बुरांशाच्या कुळातील अनेक झाडांच्या पानांत व मधुरसात ग्रेयानोटॉक्सिन हे विषारी द्रव्य असते. ते पेशींमधील सोडियमचे मार्ग उघडे ठेवते, त्यामुळे नाडी मंदावते आणि रक्तदाब घसरतो. नेपाळ आणि तुर्कस्तानात अशा फुलांच्या मधुरसापासून बनलेल्या ‘वेड्या मधा’ची विषबाधा यामुळेच होते. पाकळ्यांचे सरबत आवडीने प्यावे, परंतु पानांचा काढा घरी उकळून रक्तदाबाच्या रुग्णाला देणे धोक्याचे आहे, विशेषतः तो आधीच रक्तदाबाच्या गोळ्या घेत असेल तर.