कॅमेरा हेल्मेट बघतो. अलार्म कोण बंद करतं ते कोण बघतं?

जुना_शिफ्टवाला

आमच्या जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर काल एका साहेबांची पोस्ट फिरत फिरत आली. साहेबांच्या प्लँटमध्ये आता जागोजागी एआयचे कॅमेरे लागलेत. हेल्मेट नाही, चष्मा नाही, जिना उतरताना कठडा धरला नाही, की लगेच फोटोसकट मेसेज. वर तात्पर्य : ‘नेतृत्वाची इच्छाशक्ती आणि तंत्रज्ञान एकत्र आलं की शून्य अपघात शक्य आहे, कारण ८८ टक्के अपघात कामगाराच्या चुकीने होतात.’ खाली अंगठ्यांची रांग आणि ‘प्रेरणादायी, सर!’

डोकं फिरलं. म्हणून लांबलचक लिहितोय, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढे जावं.

आधी ते ८८ टक्के. हा आकडा हाइनरिख नावाच्या अमेरिकी विमावाल्याचा, १९३१ सालचा. त्याने विम्याचे दावे आणि कारखान्यांच्या नोंदी चाळल्या. त्या नोंदी लिहिणार कोण? सुपरवायझर. तो काय ‘माझ्या साहेबांनी घाई केली’ असं लिहिणार? मीही जन्मभर असले कागद भरलेत. ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ एवढं लिहिलं की फाइल बंद आणि आपण चहाला मोकळे.

आता माझी गोष्ट. कोकणातली एक एमआयडीसी, कंपनीचं नाव नको. सॉल्व्हेंटच्या टाक्यांजवळचा गॅस डिटेक्टर पावसाळ्यात दमट हवेने उगाच बोंबलायचा, रात्रीत चार-पाच वेळा. एकदा राउंडला गेलो तर डिटेक्टरच्या तोंडावर दुधाची पिशवी, वरून रबरबँड. पिशवी चक्क धुऊन वाळवून लावलेली! मी काढली. सकाळी प्रॉडक्शन मॅनेजरना सांगितलं. म्हणाले, “राहू दे रे दिवाळीपर्यंत, डिस्पॅच अडकलाय. इन्स्ट्रुमेंटवाल्यांना मग बोलावू.” रात्री परत शिफ्टला आलो तर पिशवी जागच्या जागी. आणि मी ती पुन्हा काढली नाही. हे मुद्दाम लिहितोय. घराचा हप्ता नुकता सुरू झाला होता.

दिवाळीच्या आधी तिथेच पाइपाच्या एका जोडातून, फ्लँजमधून, गळती झाली. एका हेल्परच्या नाकाला कळली म्हणून निभावलं. डिटेक्टर पिशवीत शांत. कुणाला काही झालं नाही, त्यामुळे निअर मिसच्या, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या, रजिस्टरातही नोंद नाही.

साहेबांच्या कॅमेऱ्याने त्या रात्री माझं हेल्मेट तपासलं असतं. ते डोक्यावर होतंच हो.

भोपाळला तरी यंत्रणा कुठे कमी होत्या? एमआयसी या विषारी रसायनाची टाकी गार ठेवणारं रेफ्रिजरेशन जून १९८४ पासून बंद, सुटलेला वायू धुणारा स्क्रबर स्टँडबायला, तो जाळणारा फ्लेअर दुरुस्तीसाठी सोडवून ठेवलेला. ही तीन कामं काही हेल्मेट विसरणाऱ्या हेल्परने केली नव्हती.

मीरा_इन्स्ट्रुमेंट

काका, पिशवीची गोष्ट जबरी. पण तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध साक्ष देताय. दमट हवेला न दचकणारा, वेळच्या वेळी कॅलिब्रेट केलेला डिटेक्टर असता तर पिशवीची गरज पडली असती का? खोटे अलार्म हा तंत्राचा प्रश्न आहे आणि तो सुटतो. तुम्ही त्याचा नीतिपाठ करून टाकलात.

मी गेली अकरा वर्षं इंटरलॉकची कामं करते. रिॲक्टरचं तापमान ठरलेल्या आकड्यावर गेलं की फीड बंद, कूलिंग पूर्ण उघडं. त्याला डिस्पॅच कळत नाही, साहेबांचा फोन लागत नाही आणि घराचा हप्ता नसतो. टेक्सास सिटीची तेल रिफायनरी, मार्च २००५. टॉवर द्रवाने भरत चाललाय, लेव्हलचं यंत्र भलताच आकडा दाखवतंय, वरचा अलार्म वाजलाच नाही. १५ माणसं गेली. तिथले ऑपरेटर बारा-बारा तासांच्या शिफ्टा सलग २९ दिवस करत होते. अशा माणसाला ‘छातीठोकपणे नाही म्हण’ हे शिकवायचं की आपोआप बंद करणारा, चालणारा ट्रिप बसवायचा? मी ट्रिप बसवीन. शूर माणसं शोधत बसायला वेळ नाही.

खमक्या_फिटर

ताई तुम्ही ट्रिप बसवता, आम्ही वायर जोडून तो चुकवतो, जंपर मारतो 😀

आणि जंपर मारायला सांगतं कोण तेही लिहा की. बायपास रजिस्टर, म्हणजे चुकवलेल्या ट्रिपची वही, आमच्याकडेपण आहे. एका नोंदीत ‘फक्त २४ तास’ लिहून सही आहे. कॅलेंडर तीनदा बदललं, जंपर तोच.

कॅमेरे आमच्याकडेपण आलेत. डोकं बघतात, पाय नाही बघत. ठेकेदाराच्या पोरांना बूट पगारातून कापून देतात. म्हणून निम्मी पोरं गेटवर बूट दाखवतात न् आत चप्पल. कॅमेऱ्याला सांगा जरा खाली बघ.

वरचा_मजला

आलं, नेहमीचं आलं. साहेब म्हणजे खलनायक, फिटर म्हणजे संत ज्ञानेश्वर.

मी एक प्लँट चालवतो. मागच्या पावसाळ्यात जादा दाब सोडणारा एक रिलीफ व्हॉल्व्ह शंकास्पद वाटला म्हणून दोन दिवस उत्पादन थांबवलं. मुख्यालयातून आलेले फोन मी घेतले, तुमच्यापैकी कुणी नाही. त्याची पोस्ट कुणी टाकली नाही, कारण काही फुटलंच नाही. कॅमेऱ्यांबद्दल म्हणाल तर पहिल्याच महिन्यात दिसलं की जेवणाच्या सुट्टीत माणसं फोर्कलिफ्टच्या वाटेतून चालतात. दंड नाही केला. कँटीनचं दार दुसऱ्या बाजूला काढलं. हे तंत्रज्ञान आणि नेतृत्व दोन्ही नाही का? १९८७ साली पॉल ओ’नील अल्कोआ या अमेरिकी ॲल्युमिनियम कंपनीचे प्रमुख झाले, तेव्हा गुंतवणूकदारांसमोर नफ्याच्या आधी कामगारांच्या सुरक्षेबद्दल बोलले. वरून सुरुवात होऊ शकते, काका. दुधाच्या पिशवीवरून अख्ख्या जमातीला फाशी देऊ नका.

जुना_शिफ्टवाला

कँटीनचं दार हलवलंत, मान्य. मनापासून. आमच्या साहेबांनी फोर्कलिफ्टवाल्याला मेमो दिला असता.

पण ‘शून्य अपघात’ या शब्दांचीच मला ॲलर्जी आहे. २० एप्रिल २०१०, डीपवॉटर होरायझन, समुद्रातली तेलाची रिग. सात वर्षं एकही मोठी दुखापत नाही म्हणून कौतुक करायला बडे साहेब त्याच दिवशी रिगवर आले होते. रात्री स्फोट, ११ माणसं गेली. आमच्या गेटवर पण ‘अपघातविरहित दिवस’ असा बोर्ड होता. तो आकडा मोडू नये म्हणून बोट फ्रॅक्चर झालेल्या माणसाला रोज कंपनीच्या गाडीने आणून टाइम ऑफिसात बसवत. तो दिवसभर वर्तमानपत्र वाचायचा. हजेरी लागली, म्हणजे दिवस बुडाला नाही, म्हणजे अपघात नाही. ४ मार्चला सुरक्षा दिनाची ढाल आम्हालाच.

दर्यावर्दी

सगळे जमिनीवरचं बोलताय, म्हणून समुद्रातलं सांगतो. बारा वर्षं ऑफशोअर काढलीत.

२७ जुलै २००५. मुंबई आदल्या दिवशीच्या पावसात बुडालेली, म्हणून ही गोष्ट लोकांच्या लक्षातच नाही. मुंबई हाय नॉर्थ, समुद्रातला तेलाचा प्लॅटफॉर्म. ‘समुद्र सुरक्षा’ (नाव बघा!) या जहाजावर एका स्वयंपाक्याची बोटं कापली गेली. हवा खराब, हेलिकॉप्टर नाही. त्याला क्रेनच्या टोपलीतून प्लॅटफॉर्मवर घ्यायचं ठरलं. आडोशाच्या बाजूची क्रेन बंद, म्हणून जहाज वाऱ्याच्या बाजूने आणलं. जहाज जागेवर धरणारे थ्रस्टर कुरकुर करत होते, म्हणून हाताने चालवत. माणूस वर पोचला. जहाज बाजूला होताना लाटेने उचललं आणि मागच्या भागाने रायझरला, म्हणजे तेल-गॅसच्या उभ्या पाइपला, धडकलं. गॅस सुटला, पेटला, दोनेक तासांत प्लॅटफॉर्म संपला. २२ माणसं गेली. रायझरभोवती गार्ड होते, पण ते लहान बोटींचा हिशोब करून बसवलेले.

आता यात मीराताईंचा इंटरलॉक कुठे बसवू आणि काकांचा ‘नाही’ कोण म्हणणार? रक्त गळणारा माणूस समोर आहे. प्रत्येकाने चांगल्या मनाने हो म्हटलं.

मीरा_इन्स्ट्रुमेंट

दर्यावर्दी, तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. रायझर जिथे जहाज पोचणारच नाही अशा जागी काढायचे हे डिझाइन करताना ठरतं, शांत डोक्याने, एसीत बसून. म्हणून तर म्हणते माणसावर भिस्त ठेवू नका.

दर्यावर्दी

मग मे २०२१ घ्या. तौक्ते. पी-३०५ बार्जवर २६१ माणसं. हवामान खात्याचे इशारे आले होते, उपग्रह होते, रेडिओ होते, तंत्रज्ञानाला तोटा नव्हता. बार्ज समुद्रातच राहिला. नांगर तुटले, वाहत गेला, बुडाला. सोबतच्या टग बोटीवरचे धरून ८६ गेले. इशाऱ्याला ट्रिप जोडता येत नाही ताई. तिथे माणसानेच उठून म्हणावं लागतं, चला परत.

मीरा_इन्स्ट्रुमेंट

बरं. हे दिलं तुम्हाला. एवढंच, हं.

डोंबिवलीकर

तुमचं सगळं आतल्या माणसांचं चाललंय. भिंतीबाहेर आम्ही राहतो. मे २०१६ ला कारखान्यातल्या स्फोटाने आमच्या हॉलची काच सोफ्यावर पडली, सासूबाई दोन मिनिटांपूर्वी तिथून उठलेल्या. पुन्हा मे २०२४. पडद्यात अडकलेले बारीक तुकडे आठवडाभर निघत होते. आमच्याकडे ना कॅमेरा ना परमिट. एक विचारतो : पलीकडे काय शिजतंय हे आम्हाला कळायचा काही मार्ग? कारखाना हलवा म्हटलं की ‘आधी कारखाने होते, तुम्ही नंतर आलात’ हे उत्तर पाठ आहे, ते नको.

वरचा_मजला

पण नंतर आलात हे खरंच आहे ना?

डोंबिवलीकर

आलो. परवानगीने बांधलेल्या इमारतीत, कर्ज काढून, स्टँप ड्यूटी भरून. परवानगी देणाऱ्याला विचारा. चला, तुमचं बुटांचं चालू द्या.

अर्धा_वकील

इतका वेळ कुणी कायद्याचं नाव कसं काढलं नाही? भोपाळनंतर १९८७ ला कारखाना कायद्यात अख्खं नवं प्रकरण घातलं गेलं. त्यातलं ४१-एच वाचा, २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली तोवर ते लागू होतं. धोका समोर दिसत असेल तर कामगाराने वरिष्ठांना सांगायचं आणि त्यांनी लगेच उपाय करायचा. पिशवीसाठी काकांकडे हत्यार होतं, वापरलं नाही.

खमक्या_फिटर

वकीलसाहेब एक दिवस माझ्याबरोबर गेटवर उभे राहा. ठेकेदाराच्या पोराचा गेटपास महिन्याचा असतो. त्याने ४१-एच वापरला की १ तारखेला पास ‘सिस्टिममध्ये दिसत नाही’. कोणी काढलं नाही त्याला. फक्त दिसत नाही.

काम सुरू करायचं परमिट इंग्रजीत. घेणारा ओडिशाचा, देणारा साताऱ्याचा, मधे मी हातवारे करतो. सही मात्र तिघांची.

वरचा_मजला

ही अतिशयोक्ती आहे. आमच्याकडे ठेकेदारांनाही बूट मोफत आहेत.

खमक्या_फिटर

तुमच्याकडच्या पोराला विचारा, ठेकेदार पगारातून कापतो का. तुम्हाला नका सांगू म्हणावं, मला सांग म्हणावं.

मीरा_इन्स्ट्रुमेंट

बुटांवरून माझंही ऐका, कारण हे मी कधीच कुठे बोलत नाही. माझं माप ४. अकरा वर्षांत एकाही साइटच्या स्टोअरमध्ये ४ मिळालेलं नाही. ७ चे घालून, पुढे कापूस कोंबून मी बारा मीटर उंचीच्या पिंजऱ्याच्या शिडीवर चढलेय. टाच प्रत्येक पायरीला बुटातून सुटते. तक्रार केली तर सेफ्टी ऑफिसर म्हणाले, “मॅडम तुम्ही कशाला वर जाता, पोरांना पाठवा.” आणि वर लावलेला ट्रान्समीटर माझा.

अर्धा_वकील

धागा सुरक्षा आणि नेतृत्वावर होता. बुटांच्या दुकानात कसे आलो आपण?

जुना_शिफ्टवाला

येऊ द्या हो. मीराताई, मी पिशवी परत काढली नाही आणि तुम्ही ७ चे घालून वर चढलात. दोघांनीही सांगून पाहिलं होतं. मग तुमचा इंटरलॉक माझ्यापेक्षा शहाणा कसा, तो आपणच बसवतो ना?

मीरा_इन्स्ट्रुमेंट

काका, टोमणा पोचला. पण इंटरलॉक तरीही हवाच. तुम्ही पिशवी काढली नाही म्हणूनच हवा. पायपर आल्फा आठवा, उत्तर समुद्रातला तेलाचा प्लॅटफॉर्म. १९८८, १६७ माणसं. आग विझवायचे पंप आपोआप सुरू होणारे होते, पण पाण्यात पाणबुडे असतात, ते आत ओढले जातील म्हणून मॅन्युअलवर टाकलेले.

जुना_शिफ्टवाला

आणि शेजारच्या प्लॅटफॉर्मवरचे लोक आग डोळ्यांनी बघत असताना तेल ढकलत राहिले. थांबवायचा अधिकार आपला आहे असं त्यांना वाटलंच नाही. ते राहिलं का लिहायचं?

मीरा_इन्स्ट्रुमेंट

तेही लिहा. मी नाही कुठे म्हणतेय.

वरचा_मजला

दोघांना मिळून एक कबुली देतो, चिडून देतोय. हे वाचून आज आमचं बायपास रजिस्टर मागवलं. आकडा इथे सांगणार नाही. दोन नोंदींवर सही माझीच आहे आणि मुदत उलटून गेलीय. त्यावरून माझ्यावर ग्रंथ लिहू नये ही विनंती.

खमक्या_फिटर

नाही लिहीत साहेब. बूट कापतात का तेवढं विचारा.

मीराताई, तुमच्यासाठी आमच्या स्टोअरवाल्याला फोन केला. ५ पासून पुढे आहेत म्हणाला. ४ पाहिजे असतील तर शंभर जोडांची ऑर्डर द्या. नाहीतर ५ चे घ्या न् दोन मोजे घाला.