मदत हवी आहे: कुत्र्याची दाढ फुटली, काढावी की राहू द्यावी?

नमस्कार मंडळी. गंगाखेडजवळ आमचा आखाडा आहे, तिथल्या बाळ्याबद्दल विचारायचंय. गावठीच आहे, सात-आठ वर्षांचा. गेल्या रविवारी मटण केलं होतं, उकडलेली नळी त्याला टाकली. कट्कन आवाज आला. मला वाटलं नळी मोडली.

दोन दिवसांनी बघतो तर मान वाकडी करून एकाच बाजूनं चावतोय, भाकरीचा कडक पापुद्रा तोंडातून गळतोय. काल बायकोनं जबडा धरला, मी मोबाइलची बॅटरी मारली. वरची डावी मोठी दाढ, बाहेरच्या अंगाची अख्खी कपची उडालेली, हिरडीपर्यंत. मधोमध लाल ठिपका. कापूस टेकवला तर गुरगुरला. माझ्यावर आजवर कधी गुरगुरला नव्हता.

तसा खातोय, रात्री भुंकतोय. भाऊ म्हणतो, जनावराचा दात, पडंल आपोआप. इथल्या एका डॉक्टरांनी तोंड न उघडताच गोळ्या लिहून दिल्या. आई म्हणते लवंगेचं तेल लाव (लावायचं कुणी, ते सांगत नाही). सोयाबीनची काढणी चालू आहे, एकच चक्कर जमेल. परभणीच्या व्हेटर्नरी कॉलेजला न्यावं का? या वयात भूल झेपते का?

प्रतिसाद:
दादा, लाल ठिपका म्हणजे नस उघडी पडलीय. थांबू नका. आम्ही थांबलो होतो. ठिपका काळा पडला, कुत्री दोन्हीकडून खायला लागली, आम्ही खूश. नस मेली म्हणून दुखणं थांबलं होतं, हे नंतर कळलं. चार महिन्यांनी डोळ्याखाली सुपारीएवढी गाठ आली, फुटून पू आला. आम्ही येडे डोळ्यात ड्रॉप टाकत बसलो! त्या दाढेची मुळं डोळ्याखालीच असतात.

मुळं तीन, त्यामुळं पकडीनं ओढून निघत नाही. पूर्ण भूल देऊन दाढ कापून तुकड्यांनी काढतात. रूट कॅनालही होतं, पण त्याला दातांचं काम शिकलेला डॉक्टर लागतो. ४२ दातांतला एक गेला तर भाकरीचं काही अडत नाही. सात-आठ वर्षं म्हणजे फार वय नाही, आधी रक्त तपासून घ्या. निघण्याआधी दातांच्या एक्स-रेचं फोनवर विचारा, नाहीतर चक्कर वाया जाईल.

लवंग नको. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन तर अजिबात नको, कुत्र्याला विषासारखी. आणि नळी बंद. अंगठ्याचं नख ज्यात रुतत नाही ते चावायला द्यायचंच नाही.

धागाकर्ता:
आभार ताई. फोन लावला, बुधवारी सकाळी उपाशीपोटी आणा म्हणाले. आता एकच अडचण, हा कधी टेम्पोत बसलेला नाही. एरवी तोंडाला फडकं बांधलं असतं, पण दाढ दुखत असताना बांधावं का?