दोन हजारांत घरचा पोकर: आधी पत्ते की चिप्स? आणि पैसे लावायचे की नाही?

चौकटगुलाम
आम्ही चिंचवडचे सहा मित्र. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला, मोबाइलवरचं ॲप बंद पडलं आणि आमच्यातले दोघं बऱ्याच वर्षांनी समोरासमोर बसायला तयार झाले. महिन्यातून एका शनिवारी माझ्या घरी टेक्सास होल्डेम (पोकरचा एक प्रकार: प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते, मधे सगळ्यांचे मिळून पाच उघडे) खेळायचं ठरलंय. वर्गणी जमली दोन हजार.

पहिल्याच दिवशी ग्रुपवर कुणीतरी ॲल्युमिनियमच्या पेटीतल्या पाचशे चिप्सचा (पैशांच्या जागी लावायच्या रंगीत चकत्यांचा) फोटो टाकला आणि सगळे त्यावर भाळले. मला ते पटत नाही. पैसे आधी पत्त्यांवर घालावेत. कागदी कॅट सहा जणांच्या हातून चार तास पिसला जातो, दोन बैठकींत कोपरे दुमडतात. एखाद्या एक्क्याचा कोपरा दुमडला की तो पाठीवरून सगळ्यांना ओळखू येतो. मेंढीकोटात हे चालून जातं. इथे अख्खा खेळ हातातल्या दोन झाकलेल्या पत्त्यांवर उभा आहे. म्हणून पूर्ण प्लास्टिकचे दोन कॅट हवेत, पाठीचे रंग वेगळे. एक वाटून खेळ चालू असताना दुसरा पिसून तयार. चिवड्याची बोटं लागली तर ओल्या फडक्यानं पुसता येतात. होल्डेममध्ये जोकर लागत नाही, तो गड्डीच्या तळाशी ठेवावा. म्हणजे वाटताना खेळातला तळचा पत्ता कुणाला दिसत नाही.

टेबल विकत घेऊ नये. सनमायकावर पत्ता चिकटून बसतो, उचलताना नख लावावं लागतं. जेवणाच्या टेबलावर जाड सतरंजी, वर ताणून चादर. काम झालं.

आणि खेळात पैसा अजिबात नको.

इस्पिक_एक्का
पत्त्यांबद्दल शंभर टक्के सहमत. पैशांबद्दल मुळीच नाही.

पोकर रमीसारखा नाही. रमीत डाव लागला की लागला. पोकरमध्ये हातात काही नसताना समोरच्याला पत्ते टाकून डाव सोडायला लावणं हाच खेळ आहे, आणि तो हरण्याची भीती असेल तरच टाकतो. आम्ही वर्षभर फुकट खेळलो. तिसऱ्या डावाला कुणीतरी सगळ्या चिप्स पुढे सरकवणार, 'जाऊ दे, खेळून बघू' म्हणत दोघं तेवढ्याच चिप्स लावून बघणार, आणि बाकीचे चहा प्यायला उठणार. माणशी शंभर रुपये लावल्याबरोबर तीच माणसं विचार करून खेळायला लागली. शंभर रुपयांत हल्ली सिनेमाचं तिकीटही सहसा येत नाही, मग एवढं घाबरायचं कशाला?

शुभ्रकमळ
घाबरायचं कशाला हे मी सांगते. माझ्या माहेरी दिवाळीत तीन पत्ती चालायची. सुरुवात चिंचोक्यांवर, मग चार आणे, मग रुपया. मी दहावीत होते तेव्हा वडिलांच्या हातातली अंगठी गेली आणि आईनं त्यावर पुढे कधीही एक शब्द काढला नाही. रक्कम लहान असते तेव्हा कुणालाच काही वाटत नाही, आणि ती वाढते तेव्हा आपणच वाढवलेली असते. ज्या घरात मुलं आतल्या खोलीत अभ्यास करताहेत तिथे शंभराची नोटसुद्धा टेबलावर येऊ नये, असं मला मनापासून वाटतं. पत्त्यांना माझा विरोध नाही. मी स्वतः बदाम सात तासन् तास खेळते.

किलवरदादा
कायद्याचं थोडं सांगतो, कारण लोक 'घरात चालतं' असं गृहीत धरतात. आपल्याकडे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळाला तो लागू होत नाही. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवली, पण त्याच निकालात घरमालक खेळातून नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो हेही सांगितलं. पोकरला तशी निर्विवाद मान्यता नाही; गुजरात उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये त्याला जुगारच म्हटलं.

तेव्हा धागाकर्त्यांनी एक गोष्ट कटाक्षानं टाळावी: 'घर माझं, वीज माझी' म्हणून प्रत्येक डावातून थोडे पैसे बाजूला काढणं. अड्ड्यावर त्याला नाल म्हणतात. चहा-नाश्त्याचा खर्च वेगळा वाटून घ्या, खेळाशी त्याचा काडीचा संबंध नको.

चौकटगुलाम
उत्तराला उशीर झाला, मधल्या महिन्यांत आमच्या चार बैठकी झाल्या. इस्पिक_एक्का, तुमचा मुद्दा खरा आहे, आम्हालाही पहिल्या बैठकीत तोच अनुभव आला. पण त्यावरचा उपाय पैसाच आहे असं मला वाटत नाही. हरण्याला किंमत हवी, ती वहीत असू शकते. आम्ही सहा बैठकींचा हंगाम ठरवलाय. बैठकीत पहिला आला त्याला ५ गुण, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला १. बाद झाल्यावर त्या रात्री परत चिप्स नाहीत. वही ग्रुपवर दिसते. चौथ्या बैठकीला एका गुणानं मागे असलेला मित्र राजाची जोडी हातात असताना दोन मिनिटं गप्प बसून होता. इतका गप्प तो ॲपवर कधी बसला नसता.

शुभ्रकमळ ताई, तुमचा प्रतिसाद मी घरी वाचून दाखवला. बायको म्हणाली, नियम हाच ठेवा.

हुकूमराणी
चिप्सचा हिशेब कुणीच दिला नाही, म्हणून लिहिते. सहा जणांना पाचशे लागतच नाहीत. प्रत्येकाला १००० गुणांच्या चिप्स: ५ च्या ८, २० च्या ८, १०० च्या ८. माणशी २४, एकूण १४४. ब्लाइंड (पत्ते बघण्याआधीच दोघांनी आळीपाळीनं लावायची सक्तीची रक्कम) ५ आणि १० ने सुरू करा आणि दर २० मिनिटांनी वाढवा, नाहीतर रात्री दोनपर्यंत कुणी बाद होत नाही. ५ च्या चिप्स निरुपयोगी झाल्या की गोळा करून मोठ्या द्या. तीन रंगांच्या साध्या दोनशे चिप्स पुष्कळ झाल्या.

कॅरमच्या सोंगट्यांचा विचार मात्र सोडा. राणी धरून १९ होतात. चिंचोके भरपूर मिळतात, पण पाच की शंभर हे सांगायला रंगवावे लागतात, आणि त्यांची चळत लागत नाही. समोरच्याकडे किती उरलंय हे एका नजरेत कळणं या खेळात फार महत्त्वाचं आहे, तिथे काटकसर नको.

इस्पिक_एक्का
गुणांच्या वहीबद्दल अजून खात्री नाही. एखादा पाचव्या बैठकीलाच इतका मागे पडला की त्याला पहिला नंबर शक्य नाही, तर सहाव्याला तो काय खेळणार? शिवाय नशिबाचा भाग मोठा आहे. एक्क्याची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. हातानं पिसून तासाला पंचवीसेक डाव होतात, म्हणजे ती दिसायला जवळपास नऊ तास. सहा बैठकींत कुणाला ती तीनदा येईल, कुणाला एकदाही नाही.

चौकटगुलाम
सहापैकी सर्वात वाईट बैठक वगळून पाचच मोजू का? मग मागे पडलेल्याला शेवटपर्यंत संधी राहते.

इस्पिक_एक्का
हे चालेल. आमच्याकडे पुढच्या महिन्यापासून करून बघतो. तेवढे महिने शंभराची नोट बाजूला.