मराठी लेखनचौकटीत लाल रेघ आपोआप चालू असावी का?

उपान्त्य:
माझं मत आधीच सांगतो: नसावी. ऑनलाइन लेखनचौकटीत (संपादकात) मराठी शुद्धलेखन तपासनीस चुकीच्या वाटलेल्या शब्दाखाली जी लाल रेघ काढतो, ती मुळात बंद असावी, ज्याला हवी त्याने चालू करावी.

कारण रेघेमागची यंत्रणा. फायरफॉक्स हा ब्राउझर आणि लिबरऑफिस हा लेखनसंच, दोन्हींत हनस्पेल हा शब्द तपासणारा प्रोग्राम वापरतात. त्याला दोन फायली लागतात, एकीत मूळ शब्द आणि दुसरीत प्रत्ययांचे नियम. इंग्रजी शब्दाला चार-पाच रूपं दिली की भागतं. मराठीत 'घर' हा शब्द घराला, घरात, घराचा एवढ्यावर थांबत नाही. घरासमोर, घरासमोरच्यांना, घरासमोरच्यांनासुद्धा हे सगळं आपण एका शब्दात लिहितो. हनस्पेल शेवटाकडून दोनच प्रत्यय सोलतो. 'सुद्धा' गेलं, 'च्यांना' गेलं, उरलं 'घरासमोर', आणि ते मूळ शब्दांच्या फायलीत नाही. म्हणून असे जोडप्रत्यय आधीच एकत्र करून नियमांत भरावे लागतात. जिथे भरलेले नाहीत तिथे बिनचूक शब्द लाल होतो. एका परिच्छेदात असे आठ-दहा शब्द लाल झाले की लिहिणारा खऱ्या चुकीकडेही बघेनासा होतो.

बोरूवाली:
पूर्ण असहमत. 'ज्याला हवी त्याने चालू करावी' म्हणजे कोणीच करणार नाही. फायरफॉक्समध्ये मराठी शब्दकोश आधी वेगळा जोडायचा, मग चौकटीत उजवी क्लिक करून भाषा निवडायची. शिवाय फायरफॉक्स मुळात फक्त बहुओळी चौकट तपासतो. शीर्षकाच्या एकओळी चौकटीत रेघ येतच नाही, आणि सगळ्यांत जास्त वाचलं जातं ते शीर्षकच.

आपल्या चुका फार विखुरलेल्याही नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे १९६२चे १४ आणि १९७२चे ४, असे १८ नियम आहेत. रोजच्या लेखनात त्यांतले दोन-तीनच सतत मोडतात. उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातला, दीर्घ ई-ऊ सामान्यरूपात (प्रत्यय लागताना) ऱ्हस्व होतो हा त्यांतला पहिला: वकील–वकिलाला, गरीब–गरिबांना, नागपूर–नागपुरात. 'वकीलाला' आणि 'नागपूरात' बातम्यांत रोज दिसतात. ही चूक यंत्राने पकडायची नाही तर कोणी? बहुतेक ठिकाणी मुद्रितशोधक उरलेला नाही.

उपान्त्य:
नेमका हाच नियम यंत्राला जड जातो. 'फकीर'चं 'फकिराला' होतं, पण 'शरीर'चं 'शरीराला'च राहतं, कारण तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, शब्द अपवाद आहेत. दोन्हींचा शेवट 'ीर'. अक्षरं बघून फरक कळणार नाही. प्रत्येक शब्दावर तत्सम आहे की नाही अशी खूण माणसानेच करायला हवी. वर तिसरा गट आहेच. तीन अक्षरी शब्दाचं पहिलं अक्षर दीर्घ असेल तर उपान्त्य ई-ऊच्या जागी अ येतो: बेरीज–बेरजेला, लाकूड–लाकडाला. 'पाऊल'चं तर 'पावलाला' होतं. सगळ्यांना एकच खूण लावणारी शब्दसूची 'शरिराला' बिनचूक मानते आणि 'शरीराला' लाल करते. नवशिका त्या रेघेवर विश्वास ठेवून बरोबर लिहिलेलं चुकवतो. यापेक्षा रेघ नसलेली बरी.

बोरूवाली:
हा शब्दसूची सुधारण्याचा मुद्दा झाला, रेघ पुसण्याचा नाही. दीर्घ उपान्त्य असलेले अकारान्त शब्द वेगळे काढता येतात, शेवटानुसार लावता येतात, आणि कोशात व्युत्पत्ती बघून खुणा करता येतात. काम कंटाळवाणं आहे, पण संपणारं आहे. आणि रेघ बंदच राहिली तर सूचीतली चूक कळवणार कोण?

जोडाक्षर:
तुम्ही दोघं व्याकरणावर भांडताय, पण निम्मा गोंधळ त्याच्या आधीच होतो. 'ॲप' दोन प्रकारे टंकता येतं. एक, ॲ हे स्वतंत्र चिन्ह (युनिकोड, म्हणजे संगणकातल्या अक्षरक्रमांकांच्या पद्धतीत, ०९७२). दुसरं, अ आणि त्यावर वेगळा चंद्र. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, युनिकोडचं सामान्यीकरणही (एकाच अक्षराची वेगवेगळी टंकनं एकरूप करणं) त्यांना एक करत नाही. सूचीत पहिलं असेल तर दुसरं लाल होतं, आणि लिहिणाऱ्याला आपलं काय चुकलं ते दिसतच नाही.

'शेतकऱ्यांना'मधल्या ऱ्यचंही तेच. कोणी ऱ (०९३१) आणि हलन्त वापरतो, कोणी साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडक. उपाय सोपा आहे. हनस्पेलच्या नियमफायलीत आत येणारा मजकूर बदलून घेण्याची सोय आहे, तिथे दोन ओळी घातल्या की दोन्ही रूपं एक होतात. मात्र साधा र, हलन्त, य असं टंकलं तर 'शेतकर्यांना' होतं. ती खरी चूक, तिथे रेघ यायलाच हवी. ती सरसकट आपोआप दुरुस्तही करू नका, नाहीतर आचार्यांना आचारी करून ठेवाल.

पाणवठा:
बोलीचं काय? कथेतलं पात्र वऱ्हाडीत किंवा मालवणीत बोलतं तेव्हा अख्खा संवाद लाल होतो. पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला महामंडळाचे नियमच मुभा देतात, म्हणजे तिथे रेघ नियमालाही धरून नाही. जुना उतारा उद्धृत केला तर 'नाहीं', 'कांहीं' हेही लाल. त्या यंत्राला 'शुद्धलेखन तपासनीस' म्हणणंच मला खटकतं. प्रमाणलेखन म्हणा. बोली अशुद्ध नसते.

बोरूवाली:
नावाचा मुद्दा मान्य, यापुढे प्रमाणलेखनच म्हणेन. बोलीवर तोडगाही आहे. एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानं ज्यात लिहितात त्या भाषेत, तपासणी चालू-बंद करण्याचा गुणधर्म चौकटीतल्या प्रत्येक भागाला वेगळा देता येतो. संपादकात 'अवतरण' आणि 'संवाद' या परिच्छेदशैली ठेवा, त्यांत तपासणी बंद, बाकी मजकुरात चालू.

उपान्त्य:
ते चांगलं होईल. पण रेघ नसली की मजकूर निर्दोष असा समज होतो, त्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. 'शिक्षक दीन' लिहिलं तर रेघ येणार नाही, कारण 'दीन' हाही शब्द आहे. 'मुला साठी' असं तोडून लिहिलं तर 'साठी' सुटतं. शब्दयोगी म्हणून ते एकटं येऊ नये, पण वयाची साठीही असते, म्हणून सूचीतून काढता येत नाही. 'मुला' हे तर संबोधन. दोन शब्द मिळून झालेली चूक एकेक शब्द बघणाऱ्या यंत्राला दिसत नाही.

जोडाक्षर:
त्यासाठी वाक्य बघणारी तपासणी लागते, आणि ती बहुधा सर्व्हरवर चालते. क्रोममधली वर्धित तपासणी चालू केली की टंकलेला मजकूर गूगलकडे जातो. तशी तपासणी कुठल्याही संपादकाने न विचारता चालू ठेवू नये, यावर तरी माझी अजिबात तडजोड नाही. संगणकावरच चालणारी हनस्पेलची रेघ मात्र मी चालू ठेवीन, ॲ आणि ऱ्यच्या त्या दोन ओळी घातल्यावर.

उपान्त्य:
आणि तत्समांच्या खुणा झाल्यावर. तोवर माझं मत 'बंद'च.