बोरिंगचा दर गुणिले तीन, एवढ्यावर अंदाज बसत नाही

मारुती ८०० च्या तीन सिलिंडरच्या झिजलेल्या इंजिनाच्या दुरुस्तीचा खर्च काढायला 'एका सिलिंडरच्या बोरिंगचा (सिलिंडर आतून कापून थोडा मोठा करण्याचा) दर विचारा, तीनने गुणा, झाला हिशेब' असं काही जण सुचवतात. बोरिंगपुरतं ते बरोबर आहे, पण खर्च खरा वाढतो तो हेडमध्ये (सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग) आणि क्रँकमध्ये (पिस्टनमुळे फिरणारा दांडा). व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) ढिले निघाले तर नुसतं गाइडचं बिल येत नाही. नवीन गाइड बसवलं की त्याचा मध्य थोडा तरी सरकतो, मग सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कड) पुन्हा कापा, व्हॉल्व्ह लॅप करा (सीटवर घासून नीट बसवा). क्रँकचंही तसंच. बिग एंडचं (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथलं) एकच जर्नल, म्हणजे बेअरिंग बसतं तो गोल भाग, चरलेलं असलं तरी तिन्ही एकाच अंडरसाइजला (मूळपेक्षा ठरावीक कमी मापाला) ग्राइंड करतात, कारण बेअरिंगचा सेट एकाच मापाचा येतो.

म्हणून इंजिन उघडून, धुऊन, मापं घेतल्याशिवाय फोनवर दर मागण्यात अर्थ नाही. बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांना मोजायला सांगा. सगळ्यात जास्त झीज वरच्या रिंगच्या टप्प्यात सापडते. जो सिलिंडर सर्वांत झिजलाय तो ज्या ओव्हरसाइजला (मूळपेक्षा ठरावीक मोठ्या मापाला) साफ होईल, तेच माप तिन्हींना. आणि कृपा करून पिस्टन आधी विकत घ्या, बोरिंगवाल्याच्या हातात द्या, मगच बोअर मारायला सांगा. तो पिस्टन मोजूनच क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट) ठेवतो. आधी बोअर मारला आणि त्या मापाचा पिस्टन बाजारात मिळालाच नाही, तर पुढच्या ओव्हरसाइजला पुन्हा बोरिंग, नाहीतर थेट स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरच्या आत नवी नळी बसवणं.